गारखेड्याची तहान आणि पैठणचे अंदाज

गारखेडा हे मूळचे छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहराबाहेरचे गाव. सूतगिरणी चौकापासून बीड बायपासकडे तेथे वसाहती वाढत गेल्या. त्यांची तहान मलिक अंबरची नहर किंवा हर्सूल तलाव भागवू शकणार नव्हता; भिस्त होती सुमारे 50 किलोमीटरवरच्या पैठणच्या धरणावर.

हे धरण आधी बीड जिल्ह्यातील जायकवाडीला व्हायचे होते. झाले पैठणला, नाव मात्र जुनेच राहिले. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी लोकार्पण. साठवणक्षमता 102 टीएमसी. वरच्या अंगाला नाशिक-नगरकडे किती पाणी अडेल, याचा हिशेब तेव्हा मांडलेला होता. पण तिकडे धरणे-बंधारे वाढतच गेले. प्रत्येक बंधारा त्या त्या गावापुरता शहाणपणाचाच. चूक बेरजेत होती, आणि बेरीज करणे कोणाचेच काम नव्हते. अखेर राज्याच्या 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचे तत्त्व आले. पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीने सूत्र सुचवले आणि प्राधिकरणाच्या 2014 च्या आदेशाने ऑक्टोबरच्या मध्यास जायकवाडीत 65 टक्क्यांहून कमी साठा असल्यास वरून पाणी सोडणे बंधनकारक झाले.

अंदाज असे का चुकतात? आपल्या वाट्याला सरासरीपेक्षा चांगलेच येईल, असे बहुतेकांना वाटते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नील वाइनस्टाइन यांनी 1980 मध्ये विद्यार्थ्यांच्या पाहणीतून दाखवले. मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्वर्स्की यांनी 1979 मध्येच योजनाकारांचा दोष नेमका सांगितला होता: ते आपल्याच आराखड्यात डोकावतात, तशाच जुन्या कामांना किती काळ लागला हे पाहत नाहीत. शहराच्या जलवाहिन्यांचा प्रवास याला धरूनच झाला. 792 कोटींची ‘समांतर’ योजना 2016 मध्ये रद्द झाली. 2020 मध्ये 1,680 कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. तिचा खर्च पुढे 2,740 कोटींवर गेला.

अशा आशेत काही शहाणपण असते का? अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हर्शमन यांच्या मते असते: अडचणी आधीच दिसल्या तर माणूस मोठे काम हातीच घेणार नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी मात्र 2014 मध्ये 245 मोठ्या धरणांचे हिशेब तपासले, तेव्हा खर्च सरासरी जवळजवळ दुप्पट झालेला आढळला. गारखेड्यापुरते हर्शमन अर्धेच खरे ठरतात. धरण झाले म्हणून वसाहती उभ्या राहू शकल्या. पण पाणी येणारच, या भरवशावर घरे आधी झाली, जलवाहिनी मागे राहिली, आणि मधल्या काळात टँकरचे पैसे रहिवाशांनी मोजले.