वेस्टलँड लायसँडर

वेस्टलँड लायसँडर हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ब्रिटिश बनावटीचे एक इंजिनाचे, दोन आसनी हलके लष्करी विमान होते. भूदलाशी संपर्क राखणे, टेहळणी करणे आणि तोफखान्याच्या माऱ्याचे निरीक्षण करणे यांसाठी ते तयार करण्यात आले. या मूळ कामात ते टिकाव धरू शकले नाही. मात्र तोकड्या जागेत उतरण्याच्या क्षमतेमुळे शत्रूव्याप्त प्रदेशात हेरांची ने-आण करणारे विमान म्हणून ते प्रसिद्धीस आले. भारतीय हवाई दलानेही त्याचा वापर केला. प्राचीन स्पार्टाच्या लायसँडर या सेनापतीवरून त्याला हे नाव देण्यात आले.

रचना

इंग्लंडमधील येओव्हिल येथील वेस्टलँड कंपनीत टेडी पेटर व आर्थर डेव्हनपोर्ट यांनी या विमानाचा आराखडा तयार केला. त्याचे पहिले उड्डाण १५ जून १९३६ रोजी झाले आणि १९३८ मध्ये ते ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले. वैमानिकाला खालची जमीन स्पष्ट दिसावी म्हणून पंख कॉकपिटच्या वर बसविलेले होते. वेग कमी होताच पंखांच्या पुढच्या कडेवरील पट्ट्या आपोआप पुढे सरकत व त्यांच्याशी जोडलेले फ्लॅप खाली येत. त्यामुळे अत्यंत कमी वेगातही विमान हवेत तरंगू शके. चाके स्थिर असून त्यांच्या मोठ्या आवरणांत मशीनगन व उतरण्यासाठीचे दिवे बसविलेले असत.

फ्रान्समधील हानी

हा संथ वेगच १९४० मध्ये घातक ठरला. जर्मन लढाऊ विमानांपुढे लायसँडरचा निभाव लागला नाही. फ्रान्स व बेल्जियमच्या मोहिमेत पाठविलेल्या सुमारे १७५ विमानांपैकी ११८ विमाने नष्ट झाली. त्यानंतर पश्चिम आघाडीवरील त्याचे मूळ काम संपुष्टात आले. समुद्रात पडलेल्या वैमानिकांचा शोध आणि नेमबाजीच्या सरावासाठी लक्ष्य ओढणे अशी दुय्यम कामे त्याच्याकडे आली.

गुप्त वाहतूक

ब्रिटिश हवाई दलाच्या १३८ व १६१ क्रमांकाच्या स्क्वाड्रनांनी लायसँडरला नवी भूमिका दिली. मागची मशीनगन काढून टाकण्यात आली, पोटाखाली इंधनाची जादा टाकी बसविण्यात आली आणि प्रवाशांना झटपट चढता-उतरता यावे म्हणून डाव्या बाजूस कायमची शिडी जोडण्यात आली. उड्डाणे बहुधा पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री होत. चंद्रप्रकाशात नद्या व लोहमार्ग ओळखत, केवळ नकाशाच्या आधारे एकटा वैमानिक नेमलेले शेत शोधून काढी. तेथे प्रतिकार चळवळीतील लोक उलट्या एल अक्षराच्या आकारात तीन विजेऱ्या लावून ठेवत. ठरलेली सांकेतिक खूण न मिळाल्यास विमान न उतरताच परतत असे. उतरल्यावर प्रवाशांची अदलाबदल काही मिनिटांतच उरकावी लागे. शंभराहून अधिक व्यक्ती अशा रीतीने शत्रूव्याप्त प्रदेशात पोहोचविण्यात आल्या आणि त्याहून अधिक परत आणण्यात आल्या. फ्रेंच प्रतिकार चळवळीचे नेते जाँ मूलँ फेब्रुवारी १९४३ मध्ये लायसँडरनेच इंग्लंडला आले व मार्चमध्ये लायसँडरनेच परतले.

बडोद्यात जन्मलेले सूफी संगीतकार हजरत इनायत खान यांच्या कन्या नूर इनायत खान जून १९४३ मध्ये लायसँडरमधूनच फ्रान्समध्ये उतरल्या. बिनतारी संदेशवाहक म्हणून काम करताना त्या पकडल्या गेल्या व सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाउ छळछावणीत त्यांची हत्या झाली. त्यांना १९४९ मध्ये मरणोत्तर जॉर्ज क्रॉस देण्यात आला.

भारतीय हवाई दल

भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला १९४१ मध्ये लायसँडर मिळाले. मुंबईकरांच्या युद्धनिधीतून या स्क्वाड्रनला १२ विमाने भेट देण्यात आली. १९४२ च्या प्रारंभी करुण कृष्ण मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली ती ब्रह्मदेशात गेली. टेहळणीसाठी बनलेल्या या विमानांना बाँब लावून त्यांनी सयाममधील जपानी विमानतळांवर हल्ले केले. या कामगिरीसाठी मजुमदार यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक मिळाले.

तांत्रिक माहिती (मार्क ३)

- कर्मचारी : २
- पंखविस्तार : १५.२४ मीटर
- लांबी : सुमारे ९.३ मीटर
- इंजिन : ब्रिस्टल मर्क्युरी, ८७० अश्वशक्ती
- कमाल वेग : ताशी सुमारे ३४० किलोमीटर

जतन

कॅनडातील उत्पादन धरून सोळाशेहून अधिक लायसँडर तयार झाले. नवी दिल्लीतील पालम येथील भारतीय हवाई दल संग्रहालयात एक लायसँडर जतन केलेले आहे. इंग्लंडमधील शटलवर्थ संग्रहातही एक विमान आहे.