‘महानिर्वाण’ : एका मृताचे कीर्तन

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाच्या जुन्या बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी मुलखाकडे गेले. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात आले. कीर्तनाची परंपरा मात्र सीमा आखणाऱ्यांना वाटून देता आली नाही. गाणगापूरचे दत्तस्थान आणि श्रीमाणिकप्रभूंचे (१८१७–१८६५) माणिकनगर यांच्या परिसरातील श्रोत्याला पूर्वरंग, निरूपण, उत्तररंग हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. त्यामुळे मराठीतील एका विलक्षण काळ्या विनोदी नाटकाची गंमत आणि त्याची बोच या दोन्ही गोष्टी ओळखण्यास येथील वाचक अधिक पात्र ठरतो.

ते नाटक म्हणजे सतीश आळेकर यांचे ‘महानिर्वाण’. त्याचा पहिला प्रयोग २२ नोव्हेंबर १९७४ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात थिएटर अकॅडमीने केला. लेखक-दिग्दर्शक आळेकर त्या वेळी पंचविशीत होते आणि वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचे संशोधक म्हणून काम करीत होते.

या संस्थेचा जन्म कलहातून झाला होता. १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आणले आणि एकोणीस प्रयोगांनंतर ते थांबविले. नाटकावर विश्वास असलेली बहुतेक तरुण मंडळी बाहेर पडली आणि मार्च १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली. जब्बार पटेल व मोहन आगाशे हे डॉक्टर, आळेकर संशोधक. एकूण मंडळी नोकरी-व्यवसाय सांभाळून नाटक करणारी. नाटकावर पोट अवलंबून नसल्याने तिकीटविक्रीची काळजी करीत हात आखडता घेण्याची त्यांना गरज नव्हती. हौशी रंगभूमीचे बळ नेमके येथे आहे, आणि ‘महानिर्वाण’सारखी संहिता व्यावसायिक निर्मात्याने त्या काळी हाती घेतली असती, असे मानणे कठीण आहे.

कथानक थोडक्यात असे : चाळीत राहणारे भाऊराव वारले आहेत, परंतु ते गप्प बसत नाहीत. ते स्वतःच्याच मरणाचे कीर्तन लावतात. जुने स्मशान बंद झाले आहे, आणि भाऊरावांचा हट्ट आहे की दहन तेथेच व्हावे. मुलगा नाना येईपर्यंत आणि त्यानंतरही प्रेत पडून राहते, कुजू लागते. चाळकरी शोक करतात, पण त्यांच्या शोकात सवयच अधिक. पत्नी रमाच्या मनात मात्र अंत्ययात्रेतील एका पुरुषाविषयी, ‘डावीकडून तिसरा’ याविषयी, ओढ निर्माण होते.

येथे विनोद कोठून निर्माण होतो, हे पाहण्याजोगे आहे. कीर्तनकार नेहमी दुसऱ्याचे चरित्र सांगतो आणि त्यातून श्रोत्यांना वैराग्य शिकवितो. भाऊराव सांगतात ते स्वतःचेच, आणि तेही मरून गेल्यावर. तरीही देहाचा मोह सुटलेला नाही! कीर्तनाच्या मध्यंतरी बुवांच्या गळ्यात हार घालतात. प्रेताच्याही गळ्यात हारच पडतो. रूप तेच राहते, आशय उलटा होतो. श्रोता हसतो, आणि मग आपल्याच घरातील दहाव्या-तेराव्याच्या धावपळीची आठवण होऊन तो थबकतो. ‘घाशीराम’नेही लोकपरंपरेचे घटक वापरले होते, परंतु तेथे सत्तेचा व्यवहार उघडा पडला होता, येथे घरातल्या पवित्र मानलेल्या विधीचा पडदा बाजूला झाला. दुसरे काम अधिक अवघड, कारण प्रेक्षक येथे कोतवालाकडे बोट दाखवून सुटू शकत नाही.

चंद्रकांत काळे यांनी भाऊराव उभे केले. आनंद मोडक यांचे संगीत होते आणि नानाच्या भूमिकेत स्वतः आळेकर होते. अभंग-कीर्तनाची चाल खरी वाटली नसती तर सगळा डोलारा कोसळला असता. चेष्टा करायची असली तरी मूळ चीज आधी नीट गाता यावी लागते.

पुढे या नाटकाचे शेकडो प्रयोग झाले. गौरी देशपांडे यांनी ‘द ड्रेड डिपार्चर’ या नावाने त्याचा इंग्रजी अनुवाद केला. आळेकरांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची नाटके हिंदी, बंगाली, गुजराती, कोंकणी अशा भाषांप्रमाणे कन्नडमध्येही पोहोचली आहेत.