मोगलाईतून आलेली खबर

गाडी दौंडकडून आली आहे आणि मनमाडला जायची आहे. तुम्ही राहुरीला उतरता. साल १९४८, श्रावण. स्टेशन गावापासून लांब, आणि टांगेवाला सवाऱ्या भरल्याशिवाय हलत नाही. वाटेत तुम्ही ओळखीच्या खुणा शोधता आणि एकही सापडत नाही. कृषी विद्यापीठ यायला अजून वीस वर्षे आहेत. मुळेवर धरण नाही, साखर कारखान्याचे धुराडे नाही. बाजरी मात्र कमरेला लागली आहे. तिच्यामधल्या रस्त्याने एक बैलगाडी समोरून येते. तिच्यात भांडी, गोधड्या, एक म्हातारी; मागे दोरीने बांधलेली शेळी. टांगेवाला लगाम आवळून वाट देतो आणि म्हणतो, "मोगलाईतली हायेत ती."

निझामाच्या मुलखाला, हैदराबाद संस्थानाला, इथे मोगलाईच म्हणतात. तो मुलूख दूर नाही. मुळेचे पाणी प्रवरेला मिळते, प्रवरा टोक्यापाशी गोदावरीत शिरते, आणि तिथे पलीकडचा काठ कायगावचा, गंगापूर तालुक्याचा. वर्षापूर्वी इंग्रज गेले आणि अलीकडचा काठ स्वतंत्र भारतात आला. पलीकडे निझाम मीर उस्मान अली खान भारतात यायला तयार नाही. त्याच्याकडे ८२ हजार चौरस मैलांचा मुलूख आहे, दीड कोटीहून जास्त प्रजा आहे, स्वतःची फौज, जोडीला सशस्त्र रझाकार, हाली रुपया आणि सरहद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके आहेत. नोव्हेंबर १९४७ मध्ये दिल्लीशी 'जैसे थे' करार झाला, एका वर्षासाठी. पण नेवाशाची लेक गंगापुरात दिलेली आहे आणि वैजापूरचा जावई कोपरगावचा आहे. दोन सरकारांत पत्रे कडक होत जातात तसतसे लेकीला माहेरी आणणे अवघड होत जाते.

चावडीवर या. गाडीतली माणसे तिथेच उतरली आहेत. पोलीस पाटील घोंगडीवर बसला आहे, शेजारी कागद-दौत घेऊन फौजदाराचा माणूस. "मावशी, पाणी प्या आधी. मग सांगा," पाटील म्हणतो. म्हातारी सांगू लागते. ती मधूनच गप्प होते, मागचे पुढे करते, एकच गोष्ट तीनदा सांगते. लिहिणारा थांबवून विचारतो: गाव कोणते, तालुका कोणता? रझाकार किती होते? बंदुका होत्या की भाले? निझामाचे पोलीस सोबत होते का? त्याला एवढेच हवे आहे, कारण वरून त्याला एवढेच विचारले गेले आहे. तुम्ही मात्र सगळे ऐका. म्हातारी सांगते की रात्री पांदीने नदीपर्यंत आणून सोडले ते शेजारच्या मुसलमानाने, आणि परत जाताना त्याच्या हातात कंदीलही नव्हता. लिहिणाऱ्याचा टाक त्या वाक्यापाशी थांबतो. रकान्यात त्याला जागा नाही. तो पुढचा प्रश्न विचारतो.

त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याने आज खूप लिहिले आहे, आणि खरे लिहिले आहे. पण सरहद्दीची खबर पहिली गळते ती इथे, चावडीवर.

आता त्या कागदाबरोबर निघा. राहुरीहून तो नगरला पोलीस कचेरीत जातो. तिथून मुंबईला, जिथे जिल्ह्याजिल्ह्याच्या खबरा एकत्र होऊन प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाईंपुढे जातात. नगरच्या कचेरीत क्षणभर थांबा, कारण याच टेबलांवर याच वर्षीच्या जानेवारीत एक खबर पडून होती. विसापूरच्या निर्वासित छावणीतला मदनलाल पाहवा आणि नगरात हॉटेल चालवणारा विष्णू करकरे, दोघेही पोलिसांना माहीत होते. समाजवादी नेते रावसाहेब पटवर्धनांच्या सभेत मदनलालने दंगा केला होता. करकरेला स्थानबद्ध करायचे ठरले तेव्हा तो नगरातून निघून गेलेला होता. २० तारखेला बिर्ला भवनात मदनलालचा स्फोट झाला, ३० ला गांधीजींचा खून. वीस वर्षांनी गांधीहत्येच्या कटाची चौकशी करणारा कपूर आयोग हे सगळे कागद उलगडणार आहे. ज्या जिल्ह्याने हे पाहिले त्याला खबर वेळेवर न वाचण्याची किंमत समजावून सांगायला नको.

दिल्लीत तुमचा कागद ढिगात मिसळतो. सरदार पटेलांचे संस्थान खाते, त्याचे सचिव व्ही. पी. मेनन, गुप्तवार्ता विभागाचे संजीवी. हैदराबादजवळ बोलारमला कन्हैयालाल मुन्शी भारताचे एजंट जनरल म्हणून बसले आहेत. तेही रोज काही ना काही कळवतात. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमाने उडवतो आणि बीदर, वरंगळला शस्त्रे उतरवतो. रझाकारांचा म्होरक्या, लातूरचा वकील कासिम रझवी लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावायची भाषा करतो. वृत्तपत्रांत ते भाषण छापून येते, दिल्ली जाब विचारते, आणि तो असे बोललाच नाही, असे निझामाचे पंतप्रधान लायक अलींचे सरकार कळवते. याच ऑगस्टात 'इमरोज'चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा हैदराबादेत खून होतो, कारण ते भारतात सामील व्हा असे लिहीत होते.

हैदराबादच्या तक्रारीही वाचा. त्यांत मनमाड, उमरखेडसारख्या ठिकाणच्या स्टेट काँग्रेसच्या छावण्या आहेत, तिथून येऊन नाके आणि पोलीस ठाणी उडवणारी माणसे आहेत. तेही खोटे नाही. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात असताना त्यांचे सहकारी सरहद्दीवरून हा लढा चालवत होते, आणि तो न्याय्य होता असे मला वाटते. पण खलित्यांत प्रत्येक बाजू दुसरीच्याच चुका मोजत होती. भारत सरकारने १९४८ मध्येच हैदराबादवर श्वेतपत्रिका काढली. रझाकारांच्या अत्याचारांची नोंद तिच्यात छापून आली, जगाने वाचावी म्हणून.

१३ सप्टेंबर. पुन्हा राहुरीत या. पहाटे सोलापूरहून भारतीय सैन्याच्या जनरल चौधरींचे रणगाडे हैदराबादकडे निघाले आहेत, आणि बॅटरीवरच्या रेडिओभोवती गाव जमले आहे. लवकरच औरंगाबाद पडते. १६ ला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषद निझामाची तक्रार ऐकायला बसते. १७ ला निझाम हत्यारे खाली ठेवतो. लोक रस्त्यावर येतात, गुलाल उधळतात. तुम्हालाही आनंद होईल, व्हावाच. काही दिवसांत गाड्या उलट्या दिशेने चालू लागतात, टोक्याकडे, पलीकडे.

आणि आता चावडीवर कोणी कागद-दौत घेऊन बसत नाही. मोगलाईतून पुढच्या आठवड्यांत जे कानावर येते ते लिहून घ्यायला कोणालाच वरून हुकूम नाही. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या चार जिल्ह्यांत मुसलमान मारले जात आहेत. शेवटी नेहरू पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवतात. नोव्हेंबरच्या अखेरीपासून २१ डिसेंबरपर्यंत ते गावोगाव फिरतात. सावधपणे धरूनही २७ ते ४० हजार माणसे मेली, असे ते लिहितात. काही ठिकाणी सैन्यातल्या आणि पोलिसांतल्या माणसांनी लुटीत आणि हत्येत भाग घेतला, हेही लिहितात.

म्हातारीचा जबाब छापला गेला तसा हा अहवाल सरकारने छापला नाही. अनेक दशके तो कपाटात राहिला. सरहद्दीपलीकडून आलेली खबर पुरावा होती. सरहद्द पुसल्यावर तशीच खबर अडचण ठरली. मला हे अन्यायाचे वाटते, आणि मराठवाडा मुक्तीचा दिवस मनापासून साजरा करणाऱ्याने हे म्हणायला कचरू नये.

त्या अहवालात एक भाग आहे, तो मुद्दाम शोधून वाचा. हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले, काहींनी त्यासाठी जीवही दिला, असे सुंदरलाल नोंदवतात. एकाच धंद्यातल्या माणसांत हे विशेष दिसले, असे ते म्हणतात, आणि उदाहरण देतात मुसलमान विणकरांसाठी उभ्या राहिलेल्या हिंदू विणकरांचे.