दोन पट्टिकांमधील पडदा : स्थिरविद्युत हेडफोनचा वर्धक आणि दोषशोधाची रीत

30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेशविसर्जनाची रात्र सरत आली असता, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसरातील भूमी हादरली. दगड व माती यांनी रचलेल्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीची अवजड धाबी झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. हा प्रदेश 1984 च्या भूकंपविषयक मानकात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात गणला गेला होता. तथापि या भूमीने पूर्वी काहीच सांगितले नव्हते असे म्हणता येत नाही. ऑक्टोबर 1992 पासून किल्लारीच्या आसपास धक्के जाणवत होते व जमिनीतून गडगडाट ऐकू येत असल्याचे रहिवासी सांगत होते. ऐकू येणारा आवाज नेमका कशाचा, या प्रश्नावर तेथे माणसांचे जगणे अवलंबून होते.

हाच प्रश्न, अर्थात फार निराळ्या आणि सौम्य प्रसंगी, स्वतःच्या हाताने ध्वनियंत्रे बांधणाऱ्या हौशी कारागिरांपुढे नित्य उभा राहतो. दोहोंमधील साम्य केवळ आलंकारिक नाही. सास्तूरच्या आपत्तीनंतर पुणे व कराड यांसह देशातील 10 भूकंप-वेधशाळांत अंकीय पद्धतीची विस्तृत कंपनपट्ट्याची उपकरणे बसविण्यात आली. अशा उपकरणांच्या एका मोठ्या वर्गात दोन स्थिर पट्टिकांमध्ये एक हलती पट्टिका असते. भूमी हलली की मधली पट्टिका एका बाजूस सरकते, दोन्हीकडील विद्युत्‌धारिता असमान होते आणि ती असमानता वर्धक, म्हणजेच ॲम्प्लिफायर, मोठी करून दाखवितो. स्थिरविद्युत हेडफोनची रचनाही तीन थरांचीच आहे. कार्य मात्र उलट. तेथे वर्धकाने निर्माण केलेली असमानता मधल्या पातळ पडद्यास हलविते व त्या हालचालीचा ध्वनी होतो.

या तत्त्वाचा इतिहास हेडफोनहून जुना आहे. 1917 मध्ये ई. सी. वेंट यांनी धारित्राच्या तत्त्वावरील मायक्रोफोनचे वर्णन प्रसिद्ध केले. ज्याला ग्रंथांत आता धारित्र म्हणतात, त्याला दुरुस्तीच्या दुकानांत आजही ‘कंडेन्सर’ म्हणतात. ग्रंथांतील संज्ञा पालटली, हातांतील शब्द टिकून राहिला. ध्वनी टिपण्याचे हे तत्त्व ध्वनी निर्माण करण्यास वापरणे मात्र दीर्घकाळ अवघड गेले. कारण पुरेसा पातळ व टिकाऊ पडदा उपलब्ध नव्हता. पॉलिएस्टरची पातळ फिल्म आल्यावर ही अडचण दूर झाली. इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांनी 1955 साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात या विषयावर लेखमाला लिहिली, व त्यांच्या क्वाड संस्थेचा स्थिरविद्युत ध्वनिक्षेपक 1957 मध्ये विक्रीस आला. जपानमधील स्टॅक्स संस्थेने 1960 च्या सुमारास याच तत्त्वावरील हेडफोन बाजारात आणला.

अशा हेडफोनला सामान्य वर्धक का चालत नाही, हे एका गणिताने स्पष्ट होते. तारेसह त्याची धारिता सुमारे 100 पिकोफॅरड असते. 20,000 हर्ट्झला तिचा विरोध सुमारे 80,000 ओहम भरतो. खालच्या स्वरांना तो याहून कितीतरी अधिक असतो. म्हणजे प्रवाह अल्प लागतो, परंतु दाब शेकडो व्होल्टचा लागतो. शिवाय पडद्यावर कायमचा प्रभार ठेवण्यासाठी स्वतंत्र उच्च दाब द्यावा लागतो. स्टॅक्सच्या हेडफोनांत तो पूर्वी 230 व्होल्ट होता, पुढे 580 व्होल्ट झाला. इ.स. 2000 च्या सुमारास अमेरिकेतील केव्हिन गिलमोर यांचे वर्धकांचे आराखडे हौशी कारागिरांना उपलब्ध झाले आणि घरच्या घरी अशी बांधणी करणाऱ्यांची परंपरा वाढली.

या परंपरेचे खरे विद्यापीठ बांधणीत नसून दोषशोधात आहे. त्याचा पहिला नियम जीवरक्षणाचा. 100 मायक्रोफॅरडच्या धारित्रात 450 व्होल्टला सुमारे 10 जूल ऊर्जा साठते व ती वीज बंद केल्यावरही राहते. म्हणून योग्य रोधकातून धारित्र रिकामे करावयाचे, मीटरने खात्री करावयाची आणि मगच हात घालावयाचा. दुसरा नियम क्रमाचा : हेडफोन न जोडता प्रथम वीजपुरवठा तपासणे, नंतर दोन निर्गमांमधील व प्रत्येक निर्गमाचा भूमीसापेक्ष स्थिर दाब मोजणे. हा दाब शून्याच्या जवळ नसेल तर पडदा एका जाळीकडे ओढला जातो.

तिसरा नियम अधिक सूक्ष्म आहे. पडद्याचा दाब सुमारे 4.7 मेगोहम रोधकातून दिला जातो. 10 मेगोहमच्या सामान्य मीटरने तो मोजल्यास 580 व्होल्टऐवजी सुमारे 395 व्होल्ट दिसतात. नवखा कारागीर यंत्र बिघडले असे समजून निर्दोष भाग बदलीत बसतो. वस्तुतः मोजणाऱ्या साधनानेच मोजली जाणारी वस्तू बदललेली असते.

चौथा नियम अदलाबदलीचा. डाव्या बाजूस खरखर येत असेल तर वर्धकास येणारे डावे-उजवे संकेत परस्पर बदलावे. खरखर उजवीकडे गेली तर दोष वर्धकाच्या पूर्वीचा. डावीकडेच राहिली तर तो वर्धकात किंवा हेडफोनात. हेडफोनवर पूर्वीचाच संशय असेल तर तो वर्धकाच्या दुसऱ्या मार्गावर जोडून पाहावा. कधी दोष एखाद्या कच्च्या झाळलेल्या सांध्यात निघतो, तर कधी पडद्यावर बसलेल्या धुळीत वा पावसाळी दमटपणात. चारही नियमांचा रोख एकच आहे : ऐकू येणारे बाहेरचे आहे की आपल्याच साधनातले, हे प्रथम ठरविणे.

भूकंपमापकापुढे बसणाऱ्या निरीक्षकास हीच शिस्त पाळावी लागते. तापमानातील बदल, वाऱ्याचा दाब, जवळून जाणारे वाहन, वर्धकाचा स्वतःचा खरखराट, हे सर्व वगळल्यावर जे उरते ते भूमीचे बोलणे. परंतु वगळण्याची ही क्रिया जितकी आवश्यक, तितकीच ती धोक्याची आहे. जे आपल्या समजुतीत बसत नाही त्यालाही साधनाचा दोष म्हणून बाजूस सारण्याचा मोह होतो. हा भूभाग स्थिर आहे, ही समजूत 1993 पूर्वी एखाद्या चुकीच्या मीटरप्रमाणेच काम करीत होती. 2002 मध्ये मानकात सुधारणा झाली व किल्लारी परिसर वरच्या धोक्याच्या विभागात गेला. म्हणजे मीटर दुरुस्त झाले, परंतु सास्तूरच्या भिंती पडल्यानंतर.

तात्पर्य, दोषशोध ही केवळ कारागिराची युक्ती नव्हे, ती ज्ञानाची रीत आहे. ती शंका घेण्यास शिकविते. आणि त्या शंकेच्या यादीत आपले कान, आपले मीटर व आपली गृहीते यांची नावे आधी लिहावी लागतात.