अनुदान संपल्यावर काय? शारदा सदनापासून पोलीस आयुक्तालयातल्या विशेष कक्षापर्यंत

 

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा कसला इतिहासाचा विषय? स्त्रियांवरचा अत्याचार थांबवण्यासाठी जो पैसा येतो, त्याची अनुदानं, त्यांचे हिशेब, त्यांची मुदत. हे तर सीएच्या टेबलावरचं काम! पण मला वाटतं, आपल्याकडच्या स्त्री-संरक्षणाच्या दीडशे वर्षांचा इतिहास भाषणांमधून जेवढा कळतो, त्याहून जास्त तो जमाखर्चाच्या वह्यांमधून कळतो.

आधी एक आकडा. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कर्नाटकातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशात हे प्रमाण २९ टक्क्यांच्या आसपास होतं. त्याच सर्वेक्षणात देशभरातल्या हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागितली होती ती फक्त १४ टक्के जणींनी. म्हणजे दहातल्या एक-दोघी कुठल्यातरी दारावर जाऊन उभ्या राहतात. ते दार त्या दिवशी उघडं असायला हवं. आणि दार उघडं ठेवायला आत कुणीतरी बसलेलं हवं, आणि आत बसणाऱ्याचा दरमहा पगार निघायला हवा. हा पगार कुठून निघाला, किती वर्षं निघाला आणि तो बंद झाल्यावर काय झालं, हीच आजची गोष्ट.

घरचा पैसा

१८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. विधवा स्त्री घरातल्याच कुणाच्या तरी अत्याचारातून गरोदर राहिली की तिच्यापुढे दोनच वाटा असत, स्वतः मरायचं किंवा मूल मारायचं. फुल्यांनी तिसरी वाट काढली. इथे या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवा. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत.

हे काम चाललं ते प्रामुख्याने घरच्या पैशावर आणि घरच्या माणसांच्या बळावर. परवानगी कुणाची नको, अहवाल कुणाला नको. पण अशा कामाची मर्यादाही उघड आहे. घर चालवणारी माणसं थकली की काम थकतं.

वर्षाला एक डॉलर

आता येऊ पंडिता रमाबाईंकडे. त्यांचा जन्म १८५८ सालचा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळचा. म्हणजे आपण बंगळूरकर मराठी मंडळींना त्या दोन्हीकडून आपल्या.

१८८६ साली रमाबाई अमेरिकेला गेल्या, त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. राहिल्या अडीच वर्षांहून अधिक. गावोगावी व्याख्यानं दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि बालविधवांसाठी शाळा काढायची म्हणून मदत मागितली. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये 'अमेरिकन रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली. शहराशहरांत 'रमाबाई मंडळं' निघाली. सभासदाने वर्षाला किमान एक डॉलर द्यायचा आणि तो दहा वर्षं द्यायचा, अशी ती रचना.

यातली गंमत बघा. एखाद्या धनाढ्याने एकदा मोठी रक्कम देऊन टाकली, असं झालं नाही. लहान लहान देणग्या, पण दहा वर्षांचं वचन. बालविधवेला लिहायला-वाचायला शिकवून स्वतःच्या पायावर उभं करायला एखाद-दोन वर्षं पुरत नाहीत, हे रमाबाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी पैशाबरोबर वेळही मागून घेतला.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीला 'शारदा सदन' सुरू झालं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या, बाया कर्वे. १८९० मध्ये सदन पुण्याला आलं.

दोन वह्या

अनुदान म्हटलं की अट आली. बॉस्टनची अट अशी की सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही. मुलींना आपापल्या चालीरीती पाळायची मोकळीक हवी. रमाबाई स्वतः १८८३ मध्येच ख्रिस्ती झाल्या होत्या, त्यामुळे ही अट महत्त्वाची. इथल्या लोकांचा विश्वास बसावा म्हणून सल्लागार मंडळ नेमलं. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, डॉ. रा. गो. भांडारकर होते.

मग वाद पेटला. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं असे. काही मुली आपणहून जाऊन बसू लागल्या. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावलं नाही, आणि येणाऱ्याला हाकलणारही नाही. पालक आणि सल्लागार म्हणाले, लहान मुलींच्या बाबतीत इतकं पुरत नाही. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे आणि भांडारकर मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

कोण बरोबर, कोण चूक, यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. आपण आज त्यात शिरत नाही. आपल्याला पाहायचा आहे तो कारभार. बॉस्टनच्या मंडळींनी रमाबाईंवरचा विश्वास कायम ठेवला. पैसा थांबला नाही, तरी सदन अर्धं रिकामं व्हायची वेळ आली. याचा अर्थ असा की रमाबाईंना दोन वह्या सांभाळायच्या होत्या. एक बॉस्टनला पाठवायची, डॉलरची. दुसरी पुण्यातली, विश्वासाची. पहिल्या वहीत चोख असणारी संस्था दुसऱ्या वहीत तोट्यात जाऊ शकते. आजही एखाद्या वस्तीत काम करणाऱ्या संस्थेचा अहवाल दिल्लीला किंवा जिनिव्हाला वाखाणला जातो आणि त्याच वस्तीतल्या सासवा म्हणतात, 'त्या बायांच्या ऑफिसात पाय ठेवायचा नाही.' देणगीदाराचं समाधान झालं म्हणजे काम झालं, असं होत नाही.

संत्र्यांची बाग

पण रमाबाईंच्या कारभारातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. दहा वर्षांचं वचन १८९८ मध्ये संपणार, हे त्या विसरल्या नाहीत. मुदत संपायच्या कितीतरी आधी त्यांनी पुण्याजवळ केडगावला जमीन घेतली आणि फळझाडं लावली. हेतू एकच, पुढे बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी.

घडलं मात्र निराळंच. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, जागेवर निर्बंध. एवढ्या जणींना ठेवायचं कुठे? केडगावच्या शेतात! तिथेच झोपड्या उभ्या राहिल्या, तिथेच 'मुक्ती सदन' वाढलं. बाग घेतली होती उत्पन्नासाठी, ती कामी आली आसऱ्यासाठी. १८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या, जुन्या संघाची मुदत पुरी झाली आणि नव्याने संघ बांधला गेला.

याच सुमारास, १८९६ मध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. त्यांनी शारदा सदनाची फरपट जवळून पाहिली होती. त्यांचा मार्ग वेगळा. स्वतःची शिल्लक घातली आणि सुट्टीत गावोगाव फिरून रुपया-आठ आण्यांची वर्गणी गोळा केली. १९०० मध्ये आश्रम हिंगण्याला गेला. वर्गणीतून पैसा हळू येई, पण प्रत्येक वर्गणीदार आश्रमाच्या बाजूने बोलणारा एक माणूस होई. दुसरी वही इथे आपोआप भरत होती.

पोलिसांच्या इमारतीत एक टेबल

आता एकदम १९८० च्या दशकात येऊ. मथुरा खटल्याचा निकाल, हुंडाबळी, स्टोव्हच्या भडक्याने 'अपघाती' मेलेल्या सुना. मुंबई, पुणे, दिल्लीत स्त्रियांचे गट रस्त्यावर उतरले. बंगळूरमध्ये १९७९ साली 'विमोचना' उभी राहिली. या गटांमध्ये एक वाद सतत चाले, की पैसा घ्यायचा का? मुंबईच्या स्त्री अत्याचार विरोधी मंचासारख्या गटांनी अनुदानापासून दूर राहणं पसंत केलं. अनुदान आलं की मुद्दा कुठला घ्यायचा हे देणारा ठरवतो, ही भीती होती आणि ती खोटी नव्हती. पण रात्री अकरा वाजता घराबाहेर काढलेल्या बाईला मोर्चा पुरत नाही. तिला खोली लागते, वकील लागतो, उद्या पुन्हा भेटेल असं माणूस लागतं.

१९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर एक प्रयोग केला. आयुक्तालयातच स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष. तिथे बसणार प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या. पोलिसांच्या इमारतीत बसायचं, पण पोलीस व्हायचं नाही. बाईचं सगळं ऐकून घ्यायचं, नवऱ्याला बोलवायचं, स्त्रीधन परत मिळवून द्यायचं, गुन्हा नोंदवायचा असेल तर सोबत उभं राहायचं. कलम ४९८-अ येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

हा कक्ष अनेक वर्षं संस्थेच्या आणि देणग्यांच्या बळावर चालला. पण तो चालवणाऱ्यांचा आग्रह सुरुवातीपासून असा की बाईला हिंसेपासून वाचवणं हे सरकारचं काम आहे, तेव्हा या पगारांची जागा सरकारी अंदाजपत्रकातच आहे. २००५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या महिला व बालविकास विभागाने हे कक्ष आपले म्हणून स्वीकारले. मध्ये किती वर्षं गेली? एकवीस!

मुंबईतलं 'दिलासा' केंद्रही असंच. 'सेहत' ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ते सुरू केलं. 'घसरून पडले' म्हणत केस पेपर काढणाऱ्या बाईला तिथेच, त्याच इमारतीत कुणीतरी नीट विचारावं, ही त्यामागची कल्पना. तेही पुढे पालिकेच्या यंत्रणेत गेलं आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानातून इतर रुग्णालयांत पोचलं.

आजची वही

आता आजचं पाहू. स्त्रियांवरील हिंसा संपवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांचा खास निधी १९९६ पासून आहे. अशा निधींची अनुदानं साधारण दोन-तीन वर्षांची असतात. रमाबाईंना मिळाली होती दहा. तीन वर्षांतलं पहिलं वर्ष माणसं नेमण्यात जातं आणि तिसरं पुढचा अर्ज लिहिण्यात. कोर्टात पोटगीचा दावा मात्र त्याहून लांबतो. बाईची केस चालू आणि तिची समुपदेशक कार्यमुक्त, असं होतं ते यामुळेच.

परदेशी देणग्यांचा कायदा २०२० मध्ये आणखी कडक झाला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने मिळालेला परदेशी पैसा दुसरीला देणं बंद झालं. मोठ्या संस्थेच्या आधाराने तालुक्यात काम करणाऱ्या लहान गटांची वाट तिथे अडली.

सरकारी पैशाचं काय? २०१३ च्या अंदाजपत्रकात १००० कोटींचा निर्भया निधी जाहीर झाला. सुरुवातीच्या वर्षांत त्यातला बराच पैसा वापरलाच गेला नाही. याच निधीतून २०१५ पासून 'सखी' वन स्टॉप सेंटरं निघाली. एका छताखाली डॉक्टर, पोलीस, वकील, समुपदेशन आणि पाच दिवसांपर्यंत निवारा. कल्पना उत्तम. पण तिथली माणसं बहुतेक कंत्राटी. उपयोगिता प्रमाणपत्र वर गेलं नाही की पुढचा हप्ता खाली येत नाही, आणि हप्ता आला नाही की पहिला फटका पगाराला बसतो.

याच निधीतून बंगळूरला सुमारे ६६७ कोटींचा 'सेफ सिटी' प्रकल्प मिळाला. त्यात मोठा भर कॅमेऱ्यांवर आणि नियंत्रण कक्षावर. कॅमेरे नकोत असं कुणी म्हणणार नाही. यशवंतपूर स्टेशनवर रात्री उतरणाऱ्या मुलीला त्यांचा आधार वाटतोच. पण सुरुवातीचा आकडा आठवा. ती ४४ टक्के हिंसा स्टेशनवर नाही, घरात झाली होती. कॅमेऱ्याची खरेदी एका आर्थिक वर्षात बसते, त्याचं बिल असतं, उद्‌घाटन असतं. माणसाचा पगार दरवर्षी पुन्हा मंजूर करावा लागतो आणि त्याचं उद्‌घाटन होत नाही. म्हणून पैसा वस्तूंकडे सहज वाहतो आणि माणसांकडे अडखळत.

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणी एखाद्या संस्थेच्या विश्वस्त मंडळावर असाल, कंपनीच्या सीएसआर समितीत असाल किंवा नुसते वर्षाला हजार रुपये देत असाल, तर आकर्षक अहवालाआधी एक प्रश्न विचारा: आमचा पैसा थांबेल त्या दिवशी तुमच्या दारात उभ्या असलेल्या बाईचं काय होईल? रमाबाईंकडे याचं उत्तर होतं, केडगावची बाग. विशेष कक्षाकडे होतं, सरकारी अंदाजपत्रकातली एक ओळ. उत्तर नसेल तर संस्थेवर रागावू नका. आणखी दोन वर्षं द्या आणि उत्तर शोधायला सांगा. १८८७ मध्ये बॉस्टनच्या बायकांनी, एकदाही न पाहिलेल्या मुलींसाठी, दहा वर्षं दिली होती.

आज इथेच थांबू. तुमच्या गावात असं एखादं दार असेल, तर ते कुणाच्या पैशावर उघडं आहे, हे एकदा विचारून या. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.