रिकाम्या डब्याचा सूर

अमेरिकेत १८६० च्या दशकात सिगारवर कर बसला आणि सिगार पेटीत भरून, वर कराची मोहोर लावूनच विकण्याचा कायदा झाला. रिकामी पेटी पुन्हा सिगार भरण्यासाठी वापरता येत नसे. हलक्या लाकडाच्या अशा पेट्या घरोघर साचल्या आणि ज्यांना विकतचे वाद्य परवडत नव्हते, त्यांनी त्यांना दांडी व तारा जोडून फिडल, बँजो घडवले. एडविन फोर्ब्स याच्या १८७६ च्या एका चित्रात यादवी युद्धातील सैनिक असे फिडल वाजवताना दिसतो.

हे वाचताना आपल्याला तुणतुणे आठवावे. एक पोकळ नळकांडे, तळाला कातडे, बाजूला घट्ट बसवलेली काठी, काठीवर खुंटी आणि कातड्याच्या मध्यातून खुंटीपर्यंत ताणलेली एकच तार. नळकांडे मुळात लाकडाचे. पण पत्र्याचा रिकामा डबाही तेच काम करतो. डबा सापडला की निम्मे वाद्य हाती आले. मात्र एक फरक ध्यानात घ्यावा. सिगारची पेटी ही महागड्या वाद्याची पर्यायी काया होती. तुणतुण्याला स्वतःचे रूप आधीपासून होते. त्या रूपाने डब्याला सामावून घेतले.

प्रश्न आहे तो आपल्या वाङ्मयेतिहासाचा. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह छापला, आणि पोवाडा ही वाचण्याची, पुढे अभ्यासक्रमात नेमण्याची संहिता झाली. शाहिराच्या मागे उभे राहून झीलकरी जो अखंड सूर धरतो, तो छापता येत नाही. शाहिराला श्वास घ्यायला उसंत देणारा, ओळ संपल्यावरही कथन तुटू न देणारा हा सूर रचनेचाच भाग आहे. वर्गात आपण वृत्त शिकवतो, रस शिकवतो. हा आधार मात्र शिकवत नाही. भाषेनेही त्याची कदर केली नाही. 'आपलेच तुणतुणे वाजवणे' हा वाक्प्रचार कंटाळ्याचा, हेटाळणीचा झाला. जे सातत्य गायकाचा आधार होते, तेच बोलीत दोष ठरले.

१ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झालेल्या जालन्याची आजची एक ओळख पोलादाची आहे. इथल्या भट्ट्यांत भंगार वितळते आणि त्याच्या सळया होतात. भट्टीत वस्तूचा पूर्वजन्म पुसला जातो. तुणतुण्यात तो दिसत राहतो. याच मराठवाड्यात गोंधळी संबळाच्या साथीला तुणतुणे धरतात. त्यांच्या हातातल्या डब्याकडे अभ्यासकाने संहितेइतक्याच गांभीर्याने पाहायला हवे. डबा कुठला, कातडे कोणी मढवले, तार गायकाच्या कोणत्या स्वरावर लावली, याच्या नोंदी आपल्या विद्यार्थ्यांना गावोगावी सहज करता येतील. अशा नोंदींशिवाय पोवाड्याचा आणि गोंधळाचा इतिहास अर्धाच राहील.