जुनी मोटरसायकल: मीटरवर न विसंबलेला बाजार

भारतात जुन्या मोटरसायकलींचा बाजार मोटरसायकलींच्या कारखान्यांच्या आधीपासून आहे. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड बुलेटची जुळणी सुरू झाली. तोवर रस्त्यावर दिसणाऱ्या बीएसए, नॉर्टन, मॅचलेस, ट्रायम्फ या गाड्या इंग्लंडहून आलेल्या असत. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्याही बाजारात आल्या. त्यांचे मूळ सुटे भाग मिळण्याची शाश्वती नव्हती, आणि पुढे आयातीवर निर्बंध आल्यावर ते आणखी दुर्मीळ झाले. पिस्टन दुसऱ्याच गाडीचा, बुश लेथवर घडवलेला, अशा गाड्या त्या काळी चालत आणि त्यात कुणाला वावगे वाटत नसे.

परवाना-नियंत्रणाच्या काळात जुनी गाडी म्हणजे स्वस्त गाडी, हे समीकरणच लागू नव्हते. बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. कित्येकांची प्रतीक्षा दहा वर्षांच्या घरात गेली. ज्याला आजच गाडी हवी, तो वापरलेल्या स्कूटरसाठी नव्या किमतीपेक्षा जास्त मोजायला तयार होई. मोटरसायकलींची टंचाई इतकी तीव्र नव्हती, पण निवड तीन-चार नावांपुरतीच होती आणि एकदा घेतलेली गाडी सहसा कुणी टाकून देत नसे. ती घरातल्या धाकट्याकडे जाई, मग गावाकडे, मग दूधवाल्याकडे.

या तीन-चार नावांपैकी प्रत्येक गाडी नव्या मालकाला आपल्या पद्धतीने वागायला लावी. बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी होता; पहिला गिअर वर, बाकीचे खाली. इतर गाड्यांची सवय असलेला माणूस घाईच्या वेळी ब्रेक समजून गिअरवर पाय मारी. २००० नंतरच्या दशकात कंपनीने ही मांडणी बदलली, पण जुन्या बुलेट घेणाऱ्यांना ती आजही शिकावी लागते. किक मारणे हेही वेगळे शिक्षण होते. अँपिअर-मीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हलके दाबायची, डीकॉम्प्रेसरची खिट्टी ओढून पिस्टन थोडा पुढे सरकवायचा, खिट्टी सोडायची आणि मग पूर्ण वजनाने एकच किक द्यायची. क्रम चुकला तर किक उलटी येऊन पायाला जबर मार बसे.

मुंबईत जावा गाड्या आयात करणाऱ्या इराणी कुटुंबाने म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला आणि १९६१ पासून तेथे गाड्या तयार होऊ लागल्या. १९७३ पासून त्या येझदी नावाने विकल्या गेल्या. या गाडीत किक आणि गिअर यांसाठी एकच दांडा होता: गाडी सुरू झाली की तोच फिरवून खाली आणायचा आणि त्यानेच गिअर बदलायचे. गिअर बदलताना क्लच आपोआप सुटत असल्याने हाताने क्लच न दाबताही काम भागे. एस्कॉर्ट्सची राजदूत पोलंडच्या गाडीवरून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आली. दिसायला साधी, ओझ्याला दणकट. दुधाचे कॅन लटकवून फिरणाऱ्या गवळ्यांनी तिला खेडोपाडी नेले. जावा आणि राजदूत दोन्ही टू-स्ट्रोक, म्हणून पेट्रोलमध्ये ऑईल मिसळणे आलेच. ऑईल कमी पडले तर इंजिन जाम, जास्त झाले तर प्लग ओला आणि मागे पांढरट धूर. जुन्या गाडीचे नेमके प्रमाण आधीच्या मालकाला ठाऊक असे, आणि चांगला विक्रेता ते चावी देताना सांगून टाकी.

गाडी किती चालली आहे, या प्रश्नाचे उत्तर मीटरवर शोधण्याची पद्धत या बाजारात फारशी रुजली नाही, आणि त्याला कारण होते. बहुतेक गाड्यांचा मीटर पुढच्या चाकाकडून येणाऱ्या केबलवर चाले. केबल तुटली की आकडा जागच्या जागी थांबे आणि ती बदलण्याची घाई कुणालाच नसे. मीटर पाच आकड्यांचा असला, तर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यापासून मोजणी सुरू होई. शिवाय मीटर मागे फिरवून देणारेही होतेच. त्यामुळे जाणकार आकडा सोडून बाकी सगळे पाही: फूटरेस्टचे रबर झिजले आहे का, ब्रेकच्या पेडलवरची नक्षी उरली आहे का, चावी भोकात सैल फिरते का, चेन-स्प्रॉकेटचे दात टोकदार झाले आहेत का. हँडल डावी-उजवीकडे फिरवताना मध्ये अडकले, तर कोनसेट, म्हणजे हँडलचे बेअरिंग, गेलेला. विक्रेत्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल, तर ती थंड होऊ देण्याचा आग्रह धरावा, असा जुन्या फिटरांचा दंडक होता. खोड दिसते ती थंड इंजिनात. फोर-स्ट्रोक गाडीने निळसर धूर मारला तर ती ऑईल खाते. काळा धूर असेल तर दोष बहुधा कार्बुरेटरचा, म्हणजे खर्च कमी.

इंजिन झिजलेले निघाले तरी सौदा मोडत नसे. फार तर किंमत उतरे. बिडाचा सिलिंडर पाव मिलिमीटरच्या पायरीने मोठा करून त्यात तेवढाच मोठा पिस्टन बसवता येई. ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० अशा पायऱ्या संपल्या की नवा स्लीव्ह बसवून पुन्हा पहिल्या मापावर यायचे. एका इंजिनाला असे अनेक जन्म मिळत. म्हणूनच ‘इंजिनचे काम झाले आहे’ हे वाक्य विक्रेते अभिमानाने सांगत, तर काही गिऱ्हाईक उलट न खोललेले इंजिनच मागत. दोन्ही बाजूंकडे तर्क आहे. काम कुणाच्या हातचे, यावर निकाल लागे. अशा रिबोअरनंतर, म्हणजे सिलिंडर मोठा केल्यानंतर, पहिले काही शे किलोमीटर गाडी दामटायची नाही, हा नियम मोडणारे पुन्हा बोअरिंगवाल्याकडे येत. अशा दुरुस्तीला सुटा माल पुरवणारे बाजार शहराशहरांत उभे राहिले: मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, चेन्नईत पुदुपेट, तर अख्ख्या गाड्यांसाठी दिल्लीचा करोल बाग.

१९८० च्या दशकाच्या मध्यात जपानी सहकार्याने १०० सीसीच्या गाड्या आल्या. इंड-सुझुकी १९८४ मध्ये, हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० १९८५ मध्ये. सीडी १०० फोर-स्ट्रोक होती, अ‍ॅव्हरेज भरपूर, ऑईल मिसळण्याची कटकट नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात तिने गिऱ्हाईकच बदलले. गाडी घेण्याआधी फिटरला सोबत नेण्याची गरज न वाटणारा पगारदार माणूस आता वापरलेली गाडी घेऊ लागला. आरएक्स १०० ची कथा उलटी. तिचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले आणि त्यानंतर तिची किंमत चढतच गेली. आज चांगल्या स्थितीतल्या आरएक्सला मूळ किमतीच्या कित्येक पट पैसे पडतात, त्यात हौसेचा वाटा मोठा आहे.

यंत्राइतकाच कागद महत्त्वाचा आहे, हे मात्र लोकांना उशिरा पटले. मोटार वाहन कायदा, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत न्यायची तर फॉर्म २८ चा ना-हरकत दाखला, असा क्रम ठरला. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. व्यवहारात मात्र कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी तीन-चार हात फिरे आणि नाव पहिल्याचेच राही. अपघात झाला की नोटीस त्याच्या दारात. २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच.

एप्रिल २०२० पासून फक्त बीएस-६ या उत्सर्जन-मानकाच्या गाड्याच विकता येऊ लागल्या. कार्बुरेटरची जागा बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शनने घेतली, आणि सेन्सर बिघडल्यावर पान्याने भागेनासे झाले. त्याआधीच कित्येक गाड्यांत सिलिंडरच्या आत कठीण मुलामा देण्याची पद्धत आली होती. असा सिलिंडर बोअर करण्याऐवजी ब्लॉक-पिस्टनचा संचच बदलतात. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी नियम काढले. १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत विक्रेत्याला आरटीओकडून प्राधिकारपत्र घ्यावे लागते, गाडी ताब्यात आल्याची सूचना द्यावी लागते, आणि ती दुकानात असेपर्यंत कोण, कशासाठी, किती अंतर चालवतो याची इलेक्ट्रॉनिक नोंदवहीही ठेवावी लागते.